पथारीवरचा गोल

माझ्या भाचीची किक मी उन्हाळाभर अंगावर घेतली. हे कौतुकानं सांगतोय असं कुणाला वाटेल, पण पहिले काही दिवस मी शिव्याच घालत होतो. पन्नाशीला टेकलेल्या, सरकारी खुर्चीत बसून बसून पोट सुटलेल्या माणसाला रोज पहाटे गोलात उभं करणं ही काही माणुसकी नव्हे. पण मी कॉलेजात असताना गोलकीपर होतो, आणि ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली होती की आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. आपलीच फुशारकी अशी आपल्या मानेवर बसते.

भाची लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते आणि मुलींच्या संघात खेळते. मागच्या हंगामात शेवटच्या सामन्यात पेनल्टी मारायची पाळी तिच्यावर आली. तिनं बुटाच्या टोकानं, जीव खाऊन लाथ घातली. चेंडू बारच्या वरून जो गेला तो मागच्या पपईच्या बागेत जाऊन पडला. संघ हरला. त्या दिवसापासून पेनल्टी आणि फ्री किक, दोन्ही कॅप्टननं स्वतःकडे घेतल्या. भाची संघात राहिली, पण चेंडू ठेवून मारायची वेळ आली की तिनं बाजूला व्हायचं, असा शिरस्ता पडला.

सुट्टीत ती नंदुरबारला माझ्याकडे आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. कॉलेज उघडलं की सर चाचणी घेणार होते आणि यंदा किक कुणी मारायची ते त्यात ठरणार होतं.

"मामा, किक माले भेटी नही, तं मी बूट काढी फेकसू," ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. ही पोरगी लहानपणी एकदा रुसून भात खायची बंद झाली ती वर्षभर भाताला शिवली नव्हती, हे मला आठवलं आणि माझंही हसू गेलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पथारीसारखं मैदान नाही. थंडीत जिथं लाल मिरची वाळत घालतात त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. मिरची उचलून झाली की ती जमीन पाटासारखी सपाट आणि टणक उरते. माझा एक मिरचीवाला दोस्त आहे, बालपणापासूनचा शेजारी. त्याच्या वाडवडिलांपासून हाच धंदा. त्यानं पथारी दिली, बांबू दिले आणि चेंडू अडवायला जाळी नाही म्हणून ढिगावर टाकायची ताडपत्रीही दिली. फक्त अट घातली.

"ताडपत्री फाडू नको, भाऊ. जितली शे, तितला गोल कर."

मी ताडपत्री आडवी धरली, डोळे बारीक करून पाहिली आणि म्हणालो, "बरोबर एवढाच असतो गोल." गोलकीपर होतो ना मी! पेनल्टीचं अंतर मात्र पावलांनी मोजून नीट घेतलं. चहूकडे उघडं रान असलं की मोठी वस्तूही लहानच दिसते, म्हणून भाचीलाही काही वाटलं नसावं. शिवाय मामाचा शब्द.

पथारीवर खेळायचं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. मिरची गेली तरी तिचा तिखटपणा मातीत राहतो. चेंडू जमिनीवर आपटला की लालसर धूळ उठायची आणि मी शिंकायला लागायचो. एकदा मी झेप घेऊन तोंडावर पडलो, त्याच हातानं डोळे चोळले आणि पुढं तासभर ओक्साबोक्शी रडलो. मिरचीवाला दोस्त चहाची किटली घेऊन आलेला, तो कडेला बसून पोट धरून हसत होता. भाचीनं तेवढ्यात रिकाम्या गोलात आणखी चेंडू मारून घेतले.

सुरुवातीला तिची किक म्हणजे नुसती ताकद. दूरवरून धावत यायची, आणि चेंडू कुठं जाईल ते देवाला ठाऊक. मग तिनं एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. आधी बुटाचं टोक सोडलं, पायाच्या आतल्या बाजूनं मारू लागली. मग धावणं कमी केलं. मग टेकलेला पाय कुठं पडतो तेवढंच बघत राहिली. आठवडाभर तिनं गोलाकडे पाहिलंच नाही. चेंडू गोलाच्या बाहेर जातोय की माझ्या नाकावर येतोय याची तिला पर्वा नव्हती, फक्त डाव्या पायाचा ठसा जमिनीवर रोज त्याच जागी उमटतोय का, हे ती वाकून बघायची. मी चिडून म्हणालो, "अगं, इकडं माणूस उभा आहे!"

"मामा, तू हालू नको. हुबा ऱ्हाय," एवढंच उत्तर.

मी तिला काही शिकवलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी उभा राहिलो, बस्स. पण उभं राहून जे दिसतं ते कडेला बसून दिसत नाही. सुट्टी अर्धी सरली तेव्हा एका सकाळी किकेचा आवाजच बदलला. आधी थपाड मारल्यासारखा असायचा, आता हलका, भरीव, एकच ठोका. मी डावीकडं झेपावलो तोवर चेंडू ताडपत्रीच्या उजव्या कोपऱ्यात लागून खाली पडलासुद्धा होता. दुसरा तिथंच. तिसरा तिथंच. ताडपत्रीच्या त्या कोपऱ्यात एक खळगा पडायला लागला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. हिला मी कडेवर घेऊन फिरवलंय, हिचं नाक पुसलंय, आणि आता माझ्यासमोर कुणीतरी वेगळंच उभं होतं.

दोस्त किटली खाली ठेवून उठून उभा राहिला. "पायमा बंदूक शे का काय तिन्हा!" असं म्हणाला आणि ताडपत्री फाटली का हे बघायलाही विसरला.

चाचणीच्या दिवशी मी रजा टाकून लोणखेड्याला गेलो. आखलेल्या रेषेबाहेर पालकांनी उभं राहायचं होतं. कॅप्टननं आणि भाचीनं पाच-पाच पेनल्टी मारायच्या असं ठरलं. गोलात धडगावकडची एक उंच, शांत मुलगी होती. कॅप्टननं आधी मारल्या. पाचातल्या तीन आत गेल्या. चांगलंच मारलं तिनं.

भाची आली. तोच टेकलेला पाय, तोच ठोका. मी आधीच हसायला लागलो होतो. आणि गोलकीपरनं हात लांब करून चेंडू बाहेर ढकलला. दुसरी किक दुसऱ्या बाजूला, तशीच सुरेख, आणि तीही तिच्या पंजात. भाचीच्या चेहऱ्यावर चक्क गोंधळ होता. चूक काहीच झालेली नव्हती, चेंडू हवा तिथंच गेला होता.

तेव्हा मला दिसलं. चेंडू जिथं अडला ती जागा आणि खांब यांच्यामधून बैलगाडी निघून गेली असती. भाची कोपऱ्यातच मारत होती, पण तो ताडपत्रीचा कोपरा होता. उन्हाळाभर तिच्या पायानं जो गोल पाठ केला तो खऱ्या गोलापेक्षा दोन्हीकडून हात-दीड हातानं तरी अरुंद होता, आणि तो मी बांधला होता. ओरडून सांगावं असं वाटलं. पण काय ओरडणार? सगळा उन्हाळा विसर म्हणून? एवढ्या दिवसांची सवय अशी हाक मारून जाते का? मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी तिचे बूट कचऱ्यात पडलेले पाहिले.

तिनं तिसरा चेंडू ठेवला, पण मारला नाही. सरांकडं बघून हात वर केला आणि सरळ गोलाकडं चालत गेली. एका खांबावर तळहात टेकवला. मग तिथून दुसऱ्या खांबापर्यंत रेषेवरून सावकाश चालली, जमिनीकडं बघत, शेताचा बांध बघत चालावं तशी. दुसऱ्या खांबालाही हात लावला. मुली हसू लागल्या. परत येताना तिनं रेषेबाहेर मला शोधलं. मी कुणाच्या तरी मागं लपायच्या बेतात होतो. ती रागानं बघेल असं वाटलं होतं. तिनं दोन्ही हात समोर धरून एवढंसं अंतर दाखवलं, एवढास्सा गोल, आणि खळखळून हसली! सगळं वर्ष पणाला लागलेलं, दोन किका वाया गेलेल्या, आणि पोरगी मला चिडवत होती.

मग तिनं मारलं. तिसरा चेंडू खांबाला आतून घासून गेला. चौथा दुसऱ्या खांबाला. धडगावची मुलगी दोन्ही वेळा पूर्ण लांब झाली आणि दोन्ही वेळा हात रिकामा राहिला. पाचव्याला ती जागची हललीच नाही, नुसतं वळून वरच्या कोपऱ्यातल्या थरथरत्या जाळीकडं बघत राहिली. हसणाऱ्या मुली पार रेषेपर्यंत पुढं सरकल्या होत्या. मीही टाचा उंच करून, श्वास कोंडून उभा होतो, बघता येतंय तेवढं बघून घ्यावं म्हणून.

तीन-तीन झाले. सर आणखी एकेक किक मारायला सांगणार होते, पण कॅप्टननंच जाळीतून चेंडू काढला, तो घेऊन भाचीपाशी आली आणि तिच्या हातात दिला. "यंदा तूच मार," म्हणाली. त्या मुलीचंही मन मोठं.

हंगाम आता उंबरठ्यावर आलाय. विद्यापीठाच्या संघासाठी हिचं नाव पुढं पाठवायचं असं सर म्हणालेत. सामन्यात ती चुकेलही, चेंडू पुन्हा पपईच्या बागेत जाईलही. पण त्या दिवशी सरांनी तिला विचारलं होतं, गोलापर्यंत चालत कशाला गेली होतीस? सरांशी ती पुस्तकी मराठीत बोलते. "सर, उन्हाळाभर आमचा गोल लहान होता," इथवर तिनं ते निभावलं, पुढं घरची भाषा आली.

"मोठा कितला शे, ते पायले सांगनं पडनं."

मी गेली पंचवीस वर्षं झोपताना कूस बदलायचं ठरवतोय, बायकोच्या घोरण्यापासून कान वाचावा म्हणून. अंग ऐकत नाही. आणि हिनं पायाला एकदा सांगितलं.