चरकीवरची पाटी

आईला समुद्र दाखवायचा म्हणून आम्ही दोघं भीमपूरहून निघालो, आणि समुद्र बघून तिचं दहा मिनिटांत समाधान झालं. "लय पानी हाय," म्हणाली आणि चपलांतली वाळू झटकून गाडीत जाऊन बसली. तिला गोडी लागली ती जुन्या घरांची. रत्नागिरीच्या त्या बाजूला जुन्या मातबरांची घरं राखून ठेवली आहेत, तिकीट काढून आत जायचं. किल्ला आणि दीपगृह मी बघितलं, घरं तिनं. कुठल्याही घरात शिरलं की आधी चूल कुठं होती ते विचारायची.

मला तिची लाज वाटत होती, हे सांगूनच टाकतो. कारण होतं कापूस. परक्या गावच्या देवापुढे लावायची वातसुद्धा आपल्याच वावरातल्या कापसाची हवी, हा तिचा नेम. पहिल्या वेचणीचा कापूस तिनं सरकीसकट फडक्यात बांधून आणला होता. गाडीत, लॉजवर, किल्ल्याच्या पायरीवर, कुठंही बसून ती बोटांनी सरकी काढायची. माझ्या काळ्या पँटवर सगळे तंतू.

"इथं तयार वाती मिळतात," मी चिडून म्हणालो.

"मिळू दे," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी एका घरात गेलो. गलबतांवर माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचं घर. ते दाखवायला एक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ होते. आम्ही कुठले ते विचारून म्हणाले, "अरे वा, तेलंगणाचे असून मराठी छान बोलता!"

"घरी मराठीच बोलतो," मी म्हणालो. "राज्यांची रेघ नंतर ओढली." ते हसले. मी हसलो नाही.

माजघरात दोरीपलीकडे एक लाकडी वस्तू मांडलेली होती. दोन आडव्या लाटा, म्हणजे लाकडी रूळ, एकमेकींना चिकटून, बाजूला दांडा. खाली प्लॅस्टिकच्या उभ्या चौकटीत कागद: 'उसाचा रस काढण्याचे लहान यंत्र.'

आई वाचत नाही. तिनं वस्तू बघितली आणि एकदम उजळली. "अवं, चरकी! माह्या मायच्या घरी हीच होती. सरकी काढाची."

"नाही आजी, ही रसाची. तिथं लिहिलंय ना," गृहस्थ म्हणाले.

"रस काढाले पन्हळ लागते. हिले पन्हळ कुठी हाय?"

"आजी, इथं कापूस पिकतच नाही."

"पिकत नसंल. पन हे घर वाती कायच्या लावत होतं?"

आमच्या मागं घर बघायला आलेल्यांतलं कोणीतरी फिसकन हसलं. गृहस्थ माझ्याकडे वळून समजुतीनं म्हणाले, "वय झालंय. असू दे." आईनं पदर सावरला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती.

मी मंडळाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या तालुक्याच्या, महसूल कार्यालयात बसतो. म्हाताऱ्या बाया येतात, धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठं होता, आंब्याचं झाड कोणाचं, सगळं तोंडपाठ सांगतात. मी विचारतो, पहाणीच्या उताऱ्यात आहे का? नक्कल आणा. त्या अशाच पदर सावरून माझ्याकडे बघतात आणि निघून जातात. वीस वर्षं मी हेच करत आलो. त्या वेळी मला स्वतःचाच भयंकर राग आला, आणि त्या गृहस्थांचाही.

मी दोरी उचलली. "आई, जा आत."

"अहो, हात लावायचा नाही!"

"रस निघतो का ते बघू," मी म्हणालो आणि मध्ये उभा राहिलो.

आई चरकीपुढे मांडी घालून बसली. फडकं सोडलं, कापसाचा एक पुंजका लाटांच्या फटीला लावला आणि दांडा फिरवला. चरकी कुरकुरली, अडली, मग फिरली. पलीकडे पांढरीशुभ्र रुई निघाली, अलीकडे तिच्या मांडीवर सरकी पडली. एक, दोन, मग पाच-सहा. मागचे लोक दोरीला येऊन टेकले. आता कोणी हसत नव्हतं.

गृहस्थांचा आवाज उतरला. "मी वर कळवतो. पाटी बदलायला परवानगी लागते."

"कळवा," मी म्हणालो. चौकटीतला कागद ओढून काढला, खिशातलं ऑफिसचं पेन घेतलं, उसाच्या रसाच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'कापसातली सरकी काढण्याची चरकी.'

"हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

मी आईकडे बोट दाखवलं.

"काय लिवलं?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिनं मांडीवरची सरकी वेचून फडक्यात बांधली आणि म्हणाली, "कोनं सांगतलं थे बी लिव."

मी लिहिलं. खाली सही केली, आणि तिचा अंगठा घेतला.