आधी आपलं सांगायचं

मानवशास्त्र आणि प्राचीन भारतीय संस्कृती हे दोन विषय मी एकदम घेतले, तेव्हा घरात कुणालाच त्यातला फरक कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. वडिलांनी एवढंच विचारलं, "दोन्हीत पास व्हावं लागंल का?" मी हो म्हटलं. "मंग बस वाचत." आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला अडवायला जी माहिती लागते, तीसुद्धा कुणाकडे नव्हती.

पुण्याला विद्यापीठात संस्कृतीच्या तासाला जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख आले की माझी कॉलर ताठ. त्याच डोंगरांखालून माझी एसटी जायची. लेख बहुतेक एकाच चालीचे: मी अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, आणि हे माझं दान. "आमच्या देवळातल्या पंख्यावर पण असंच लिहिलंय," असं मी वर्गात म्हणाले. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मानवशास्त्रात मात्र आम्हीच लोकांना विचारायचं होतं. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे बरोबरची खूण. एका आळीतल्या सगळ्या घरांची तीन पिढ्यांची वंशावळ काढून आणायची. एक घर जरी सुटलं तरी प्रकल्प धरणार नाहीत, आणि प्रकल्प नाही तर एम.ए. नाही.

मी पेठच्या बाजूचं एक गाव धरलं. एकोणीस घरांची आळी, सगळी एकाच भावकीतली. घरात जायचं, वही उघडायची. आजोबा कोण, मामांचं आडनाव काय, देवक कोणतं, लेक कुठं दिली, लग्नाचं कोण राहिलंय. लोक इतकं भरभरून सांगत की मला वाटलं, आपण जन्मजात संशोधक आहोत. तिसऱ्या घरात पोहे आले. पाचव्या घरात पोहे घेऊन आलेल्या मुलीच्या अंगावर नवी साडी होती. मी वहीत टिपलं: पाहुणचाराची परंपरा समृद्ध.

माझा थोरला भाऊ नारायणगावच्या स्टँडवरून जीप चालवायचा. तोच मला रोज त्या गावाच्या वेशीवर सोडायचा, आणि त्याचं लग्न व्हायचं होतं. आठवड्याभरात पेठकडच्या बायका त्याच्याच जीपमध्ये बसू लागल्या. एकीनं विचारलं, "भाऊ, तंबाखू खाता का?" दुसरीनं त्याला जीपमधून उतरायला लावून उंची बघितली. तो घरी येऊन माझ्यावर उखडला. "तू माझ्यासाठी पोरी बघत फिरतीस काय?"

तेव्हा मला पोह्यांचा अर्थ लागला. पण उशीर झाला होता. एकोणिसाव्या घरातली मावशी दार अडवून उभी राहिली.

"अठरा घरं इचारून गेलीस, निरोप एकालाबी न्हाई. आता आमच्या पोरीत काय खोट काढायचीय?"

मी वही उघडून त्रिकोण दाखवले, गोल दाखवले. तिनं शांतपणे बघितलं. "ते गोल ऱ्हाऊ दे. तू कोणाची? तुझं देवक काय?"

आता हे सांगायला लाज वाटते, पण मला माझं देवक माहीत नव्हतं. अठरा घरांचं लिहून घेतलं होतं, स्वतःचं कधी विचारलं नव्हतं. "ते फॉर्ममध्ये नाहीये," मी म्हणाले.

"मंग आमचंबी न्हाई." दार लागलं.

घरी आले तेव्हा वडील टोमॅटोची प्रतवारी करत होते. सगळं ऐकून त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू आपलं काय सांगितलं व्हतं?" काहीच नाही, मी म्हणाले. तोंडातून ते बाहेर पडलं आणि लेण्यातली भिंतच आठवली. वर्गात ते लेख मी घडाघडा वाचायचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही कळत होतं, आधी आपलं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी वडील धुतलेली टोपी घालून निघाले. जीप भावाचीच. तो वेशीवर थांबला आणि सीटवर आडवा झाला, तरी चारपाच जण त्याला खिडकीतून बघून गेलेच. वडील मावशीच्या ओट्यावर बसले आणि पणज्यापासून सुरू झाले. कोण कुठून आलं, माझी आई कुठली, आत्या कुठं दिली. मग वडील म्हणाले, "देवक कळंब."

मावशी थबकली. "आमचंबी कळंबच की."

देवक एकच म्हणजे सोयरीक होतच नाही. अख्खी आळी एका भावकीची, म्हणजे अठराही घरांना निरोप आपोआप पोचला. कुणी कुणाला नाकारलंच नव्हतं. चहा आला.

"पोरगी सोयरीक बघत न्हाई, शिकतीया," वडील म्हणाले. "एम. ए."

"त्यात हेच शिकवत्यात?"

"हेच."

"मंग आमाला का न्हाई देत डिग्री?" मावशी म्हणाली, आणि चार पिढ्या सांगून मोकळी झाली. मला तीनच हव्या होत्या. त्यात माझी आत्या तिच्या जावेची भावजय निघाली.

परत येताना भाऊ म्हणाला, "एकदा पोरगी बघू तरी द्यायची व्हती."

वंशावळ पूर्ण झाली. आत्याच्या गोलामुळे आमचं घरही तिच्यात आलं. मानवशास्त्राच्या मॅडमनी कोपऱ्यातल्या एका गोलावर बोट ठेवलं. "ही कोण?" मीच, मी म्हणाले. "संशोधक वंशावळीत कशाला?" त्याशिवाय एकोणिसावं घर बोलत नव्हतं, मी म्हणाले. त्यांनी पास केलं. फक्त भावाच्या त्रिकोणाशेजारी पेन्सिलीनं लिहिलं: माहिती अपुरी.