व्हय म्हाराजा

देव आहे की नाही, हा प्रश्न मला दुबईत, सोनापूरच्या लेबर कॅम्पमध्ये पडला. गच्चीवर वॉटरप्रूफिंग करताना उकळत्या डांबराचा डबा उलटला आणि माझा डावा गाल, कान, पापणी जळाली. डोळा वाचला. सगळे म्हणाले, देवाची कृपा. मला मात्र ती कृपा आरशात बघवत नव्हती.

दवाखान्यातून परतलो तर खोलीतला आरसाच काढलेला. हे तोंड समोर आणि वर आरशातही, असं दोनदा कोणाला बघायचंय, असं मी समजलो. आम्ही आठजण, सगळे मालवणकडचे. जेवताना आता सगळे ताटात बघून बोलत. दर गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारची सुट्टी म्हणून, आम्ही देवाच्या फोटोपुढे गाऱ्हाणं घालायचो. एकाने सगळ्यांची दुखणी मोठ्याने मांडायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाण्याचा मान गावी आमच्या घराण्याकडे, म्हणून इथे तो माझा. मी भिंतीकडे तोंड करून पडू लागलो, तसं गाऱ्हाणंही बंद पडलं. कंपनी रजा देत नाही, असं बायकोला खोटंच कळवलं. मुलगी चार वर्षांची. तिला हे तोंड दाखवण्यापेक्षा मेलेलं बरं, असं रोज वाटे, आणि गच्चीवर काम करणाऱ्याला मरण लांब शोधावं लागत नाही.

देऱ्यातल्या दवाखान्यात ड्रेसिंगला गेलो असता बाकावर रत्नागिरीकडचे एक म्हातारे शिंपी शेजारी बसले. नजर न चुकवता म्हणाले, “कशाने भाजलं रे?” तीन महिन्यांत असं सरळ विचारणारे ते पहिलेच. मी रडलोच.

“माझी बीबी स्टोव्हने भाजली होती,” ते म्हणाले. “काय बोलावं ते लोकांना कळत नाही, म्हणून ते बघत नाहीत. तूच आधी सांगून टाक. डांबराने भाजलं, आता दुखत नाही. खलास.”

“पण दुखतं, चाचा.”

“ते तुझ्या देवाला सांग. त्याच्यापाशी कशाला खोटं?”

नर्सने मला आत बोलावलं. बाहेर आलो तर चाचा गेलेले. पुढे कितीदा त्या बाकावर बसलो, पण ते पुन्हा दिसले नाहीत.

त्या गुरुवारी मी नारळ घेऊन उभा राहिलो. “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचा तोंड जळला.” मग आमच्यातला थोरला, बाबी सुतार, म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

“माका दुखता, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” आता सातही जण म्हणाले.

पुढे देवाकडे मागायचं असतं. मला काही मागता आलं नाही. तुझी मर्जी, एवढंच म्हणालो. बाबीने खाटेखालून आरसा काढला. “तुका त्रास होयत म्हणान लपवललो,” तो म्हणाला.

चेहरा काही परत आला नाही. रजेवर घरी गेलो तेव्हा मुलगी आईमागे लपली. चाचांचं वाक्य मी तिला म्हणून दाखवलं. दोन दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दारातून विचारलं, “खरांच दुखणा नाय?”

माझ्याच्याने खोटं बोलवेना. “दुखता गो.”

“व्हय?” ती म्हणाली, आणि जवळ येऊन बसली.

चाचा कोण होते, मला ठाऊक नाही. देवापुढे आता मी काही मागत नाही. जे आहे ते सांगतो, आणि उत्तर येईपर्यंत उभा राहतो.