कोरियन गाडीची आतली शिवण

“हिचं स्टेअरिंगच भलत्या अंगाला हाय,” शेवंताक्का म्हणाल्या. “ड्रायव्हर कुठं बसायचा आन मालक कुठं?”

गाडी आमच्या शेडसमोर लिंबाखाली उभी होती. फिकट निळी, लहानशी. नळदुर्गच्या रस्त्यावर आम्ही दिवसभर ट्रक, जीप आणि अँबॅसिडर बघायचो. ही त्यातली कुठलीच नव्हती. समोरच्या धाब्यावरचे लोक चहाचे ग्लास हातात घेऊन बघायला आले होते. एक जण म्हणाला, जपानची दिसते. गाडीच्या मालकानं मान हलवली आणि जरा हळू आवाजात सांगितलं, “नाही. कोरियाची.”

“तिथं गाड्या बनत्यात व्हय?” धाबेवाला म्हणाला. “मला वाटलं, तिथं नुसती लढाईच असती.”

सगळे हसले. मालकही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला.

ते इंजिनियर होते. घराणं मराठी, पण तीन पिढ्या हैदराबादला. आखातात तीन वर्षं नोकरी करून परत येताना ही गाडी बोटीनं आणली. मुंबईला गोदामात ती काही महिने उभी राहिली आणि उंदरांनी सगळ्या सीटा कुरतडल्या. पुढच्या दोन सीटांत तर घरटी होती. परवा सकाळी हैदराबादला पोचायचं होतं. घरचे सगळे गाडी बघायला जमणार होते. अशी फाटकी गाडी दारात नेणं त्यांना नको होतं. दोन दिवस ते अणदूरला मावशीकडं थांबणार होते.

आमची बायकांची सहकारी संस्था होती. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बऱ्याच जणींनी रस्त्यावर खडी फोडली होती. त्यानंतर काही वर्षांनी संस्था झाली, मशिनी आल्या. ट्रकच्या ताडपत्र्या, जीपचे हूड, ढोकीकडच्या ट्रॅक्टरांच्या सीटा, असली कामं आम्ही करायचो. मशीन बायका चालवायच्या. कटिंगचं टेबल मात्र मस्तानभाईंचं. ते जुने कुशन मास्टर. कापणं म्हणजे धंद्यातलं डोकं. शिवण चुकली तर उसवता येते, कातर चुकली तर माल गेला.

मस्तानभाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. त्यांच्या जागी कोण, हा त्या महिन्यातला प्रश्न होता. संस्थेचे सेक्रेटरी सोलापूरहून माणूस आणणार होते. शेवंताक्का आमच्या चेअरमन. त्या म्हणाल्या, कमळला द्या. कमळ म्हणजे मी. चार वर्षं मी मस्तानभाईंच्या शेजारी उभी राहून खडू धरत होते, फर्मे ठेवत होते. पण मी बोलायची नाही. सेक्रेटरी म्हणाले, “जी बाई गिऱ्हाइकाला माप विचारत न्हाय, ती टेबल काय सांभाळणार?”

शेवटी असं ठरलं की ही गाडी मी एकटीनं करायची. जमली तर टेबल माझं. नाही जमली तर सोमवारी सोलापूरचा माणूस येणार.

मी पुढची सीट बाहेर काढली आणि पालथी घातली. आमच्या ट्रकच्या सीटचं काम सरळ असतं. आत काथ्या भरायचा, वरून रेक्झिन ताणायचं, खालच्या फळीला खिळे मारायचे. इथं फळीच नव्हती. लोखंडी सांगाडा, त्यावर फोम, आणि कव्हर बारीक लोखंडी रिंगांनी तारेला अडकवलेलं. एकेक रिंग पक्कडीनं उघडली आणि वाटीत ठेवली. मग जुनं कव्हर ब्लेडनं शिवणीत उसवून तुकडे वेगळे केले. प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घातला. हेच तुकडे फर्मा म्हणून नव्या रेक्झिनवर ठेवून कापायचे.

“बेटी,” मस्तानभाई म्हणाले, “पुराना कव्हर देखके काट, पर उसकी पूरी बात नक्को मान. बैठ-बैठके ढीला हुआ रहता.”

म्हणून मी प्रत्येक तुकड्यावर शिवणीची रेघ थोडी आत आखली. कडेला शिवणीपुरतं जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. माया नेहमीपेक्षा जास्त ठेवली.

इंजिनियर साहेब त्या सकाळी तिथंच खुर्ची टाकून बसले होते. मी काही विचारत नव्हते, म्हणून तेच बोलत होते. आखातात ते कोरियन कंपनीकडं बंदर बांधायच्या कामावर होते. गाडीही त्याच घराण्याची. त्या कंपनीच्या मालकानं लहानशा गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. मग देशाचे दोन तुकडे झाले. लढाई आली, रस्ते-पूल उडाले. त्या माणसानं रस्ते बांधायला घेतले, पूल बांधले. पुढं बाहेरच्या देशातल्या गाडीचे भाग आणून जोडायला घेतले. आणि एक दिवस ठरवलं, आता आपली गाडी करायची, आपल्या नावाची.

“लोक काय म्हणाले?” शेवंताक्कांनी विचारलं.

“हसले. मघाशी तुमचा धाबेवाला हसला तसे.”

“मग?”

“मग काय, केली त्यांनी. ही त्यातलीच.”

हे सांगताना ते ताठ बसले होते. मला ऐकायला फार बरं वाटलं. खडी फोडणाऱ्या बायका मशिनीवर बसल्या, तेव्हा आम्हालाही पुष्कळ जण हसले होते.

दुपारी पहिलं कव्हर चढवलं. कडा बरोबर बसल्या होत्या, पण मधे, जिथं सीटला खोलगट पन्हळ असते, तिथं रेक्झिन तंबूसारखं ताठ उभं राहिलं. शेवंताक्का बसून बघायला गेल्या आणि पुढं सरकल्या.

“अगं कमळे, ही सीट हाय का घसरगुंडी?”

सेक्रेटरी दारात उभे होते. नुसतं घड्याळ बघून गेले.

मस्तानभाईंनी सीटवर हात फिरवला. त्यांना दिसत कमी होतं, पण बोटांना सगळं कळायचं. “इधर अंदर पोला है,” ते म्हणाले. “इसको नीचे कौन खींचरा था, वो देख.”

मी जुने तुकडे परत उलटे केले. परकराला नाडी घालायला नेफा असतो ना, तसा एक कापडी नेफा कव्हरच्या आतून शिवलेला होता. नाडीऐवजी त्यात तार. ती तार फोमच्या पन्हळीत खाली रिंगांनी बांधायची, म्हणजे कव्हर आत ओढलं जातं आणि सीट माणसाच्या पाठीला धरून राहते. मी तो नेफा बघितला होता. पण आमच्या ट्रकच्या सीटला असलं काही नसतं. मला वाटलं, नुसती मजबुतीसाठी पट्टी असेल. म्हणून सोडून दिला.

आता मी तो नीट बघितला. नेफ्याला तीन शिवणी होत्या. तिन्ही सारख्या अंतरावर. टोकाला उलटे टाके घेऊन धागा बंद केलेला, एकही दोरा लोंबत नव्हता. ही बाजू कुणाला कधी दिसणार नव्हती. गाडी भंगारात जाईपर्यंत दिसली नसती. तरी कुठल्या तरी बाईनं, किंवा बाप्यानं, ती अशी शिवली होती.

मी सगळं कव्हर उसवलं. रेक्झिनला एकदा सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही. माया जास्त होती म्हणून वाचले. मधली शिवण दीड सूत बाहेर, मायेत घेतली, तेवढं कापड खाली जायला मिळालं आणि जुनी भोकं पन्हळीत झाकली गेली. मधे नेफा घातला, तीन शिवणींचा. तार ओवली, रिंगा आवळल्या. संध्याकाळ व्हायच्या आत रेक्झिन पन्हळीत बसलं. शेवंताक्का बसल्या आणि उठेनात.

“आता मी हैदराबादलाच जाते,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरी पुढची सीट झाली, मागची कापून शिवून झाली, चढवायची राहिली. तेवढ्यात इंजिनियर साहेब आले. काम बघून खूश झाले. मग खिशातून एक कागद काढला. त्यावर इंग्रजी अक्षरं होती.

त्या काळी सीटच्या पाठीवर पांढऱ्या रेक्झिनची अक्षरं कापून लावायची पद्धत होती. ट्रकवाले देवाचं नाव लावत, कुणी पोराचं. अक्षरं कापायचं काम माझ्याकडंच असायचं. चौथीपर्यंत शिकले, पण वळण चांगलं होतं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी आकार बघून कापता यायचं.

“हे दोन्ही सीटांच्या पाठीवर लावायचं,” ते म्हणाले. “मोठं.”

“गाडीचं नाव का?” शेवंताक्कांनी विचारलं.

त्यांनी कागदाची घडी सरळ केली. “नाही. जपानी कंपनीचं आहे. भावांनी सांगितलं होतं, जपानीच आण. कोरियाची म्हटलं की घरी तमाशा होईल. गाडीच्या मागची नावाची पाटी मी काढून टाकतो. सीटवर हे असलं की कुणी विचारणार नाही.”

सेक्रेटरी म्हणाले, “लागंल, लागंल. कमळबाई, घ्या कागद.”

मी कागद घेतला. टेबलावर ठेवला. माझ्या हातात कातर होती, पण हात उचलेना. मग माझाच आवाज मला ऐकू आला.

“साहेब, जरा इकडं येता का?”

मी त्यांना जुन्या कव्हरचा नेफ्याचा तुकडा उलटा करून दाखवला. तिन्ही शिवणींवर बोट ठेवलं.

“हे कुणी बघणार नव्हतं,” मी म्हणाले. “उंदरानं फाडलं म्हणून मला दिसलं. ज्यांनी हे एवढं केलं, त्यांचं नाव खोडून दुसऱ्याचं मी लावणार न्हाय. काल तुम्हीच सांगितलं, लोक हसले तरी त्यांनी आपलंच नाव लावलं.”

“बाई, तुम्हाला विचारलं कुणी?” सेक्रेटरींचा आवाज चढला. “गिऱ्हाईक सांगंल ते करायचं.”

“मग सोमवारी सोलापूरचा माणूस येईल, त्याच्याकडून लावून घ्या.”

टेबल गेलं, हे मला कळलं होतं. शेवंताक्का खाली बघत होत्या. मस्तानभाईंनी तंबाखू चोळायची थांबवली होती.

इंजिनियर साहेब तुकडा हातात घेऊन उभे राहिले. अंगठ्यानं शिवण चाचपली. मग म्हणाले, “पाण्याखालचं काँक्रीटसुद्धा ते लोक उतरून तपासायचे. मी चिडायचो. म्हणायचो, कोण बघतंय इथं?”

मग त्यांनी टेबलावरचं मागच्या सीटचं नवं कव्हर उचललं. “आता तुमची शिवण दाखवा. उलटी करून.”

मी उलटी केली. त्यांनी एकेक शिवण बघितली. नेफा ओढून बघितला. टोकं बघितली. मला राहवेना.

“ही बरी आहे,” मी म्हणाले. “पण ड्रायव्हरच्या सीटला आत भोकं आहेत. पहिल्यांदा नेफा घालायचा राहिला होता. उसवून परत शिवली. बाहेरून दिसत न्हाय, पण आहेत. चूक माझी.”

“ड्रायव्हरची म्हणजे डाव्या अंगाची ना?” ते म्हणाले आणि एकदम हसायला लागले. हसताना त्यांनी टेबलावरचा कागद उचलून चार तुकडे केले.

“काही अक्षरं नकोत. कोरं राहू दे,” ते म्हणाले. मग सेक्रेटरींकडं वळले. “सोलापूरचा माणूस आपली चूक आपण होऊन सांगतो का?”

सेक्रेटरी म्हणाले, “त्याची चूक होत न्हाय, साहेब.”

“मग त्याला उसवायला येत नसणार.”

मस्तानभाई मोठ्यांदा हसले. “सेक्रेटरी साब, सोलापूर को चिठ्ठी डालो, नक्को आओ बोलके. अब मैं बेफिकर आँख दिखाने जातूं.”

सोमवारी सोलापूरचा माणूस आला नाही. मी सकाळी टेबल पुसलं, खडू काढला आणि ट्रॅक्टरच्या सीटा कापायला घेतल्या. पुढं बावीस वर्षं त्या टेबलावर काम केलं. माझ्या हाताखाली सहा बायका कापायला शिकल्या. प्रत्येकीला पहिल्या दिवशी मी कव्हर उलटं करून बघायला लावलं. आता याच रस्त्यावर कोरियन गाड्या मोजता येत नाहीत इतक्या झाल्या. त्यांना कुणी हसत नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी त्यांचं काम आतून बघितलं होतं.

तेव्हा गाडी गेल्यावर महिन्याभरानं इंजिनियर साहेबांचं पत्र आलं होतं. शेवंताक्कांनी सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्याकडून मोठ्यांदा वाचून घेतलं. भाऊ आठ दिवस गाडीला नावं ठेवत होते, आता किल्लीवरून भांडतात. मागची पाटी आहे तिथंच आहे. आईला घेऊन बिदरला जाऊन आलो, गाडी कुठं अडली नाही. बाकी सर्व क्षेम.

“आन सीटचं?” शेवंताक्का चिडल्या. “एवढा जीव काढला, सीटबद्दल एक अक्षर न्हाय?”

मला मात्र आनंद झाला. सीट बिघडली असती तर पहिल्याच ओळीत कळलं असतं. आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की बसणारा सीट विसरतो. आठवण काढली, म्हणजे समजावं, कुठंतरी टोचतंय.