उजव्या हाताची बाग

माझा नवरा नीळकंठ देवळात येत नाही. सांगलीला असताना आम्ही सगळे गणपतीच्या दर्शनाला आत जायचो आणि हा बाहेर चपला सांभाळत उभा राहायचा. सासूबाईंनी लहानपणी त्याला बोटाला धरून औदुंबराभोवती इतक्या प्रदक्षिणा घालायला लावल्या, की पुढच्या सगळ्या तेव्हाच फिटल्या, असं तो म्हणतो. इंजिनियर माणूस. सायकलची साखळी साफ करायला त्याला अर्धा रविवार लागतो, आणि त्या वेळी कुणी हाक मारलेली चालत नाही.

मास्ट्रिख्टला आल्यापासून दर रविवारी आमची एक फेरी ठरलेली. घरापासून कादिएचा चढ, वर मारग्राटेन, मग शेतांमधून बेमेलेन, आणि तिथला मोठा उतार उतरून घरी. हॉलंड सपाट आहे असं सांगणाऱ्यांनी एकदा इथं येऊन ही गावं पालथी घालावीत. नीळकंठ साध्या सायकलवर दात-ओठ खात चढतो. मी बॅटरीच्या सायकलवर गाणी ऐकत चढते. माझ्या सायकलला तो मोपेड म्हणतो. म्हणू दे.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये सासूबाईंना कोविड झाला. धाकटे दीर सतीश यांनी धावपळ करून सांगलीत एक खाट मिळवली. आईंना आत घेतलं आणि दार बंद झालं. नीळकंठनं तिकिटं बघेपर्यंत इकडची विमानं बंद झाली. बंद नसती तरी आयसीयूच्या दाराबाहेर उभं राहण्यापलीकडे त्याला काय करता आलं असतं? हे मी बोलून दाखवलं, आणि त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही.

मग तो रोज संध्याकाळी फेरीला जायला लागला. आधी मला बरं वाटलं. घरातल्या घरात काम करून आणि ऑक्सिजनचे आकडे वाचून माणूस वेडा होतो. पण त्याचं जेवण सुटलं होतं. दोन घास खाऊन ताट सरकवायचा. एकदा उतारावर फोन बघण्याच्या नादात सायकल कुंपणात घातली आणि कोपर सोलून आला. मी फोन काढून घेतला. म्हटलं, "जायचं तर जा, पण फोन घरी राहील. वाजला तर मी उचलेन. इथं अजून एक पेशंट मला नकोय." त्यानं मुकाट्यानं दिला. त्याचं ते मुकाट्यानं ऐकणंच मला जास्त घाबरवून गेलं.

एक दिवस खिडकीतून पाहिलं तर तो बेमेलेनच्या बाजूला वळला. म्हणजे उलटा. पहिल्याच दमात तो मोठा चढ. परत आला तेव्हा मी विचारलं, "दिशा का बदललीस?"

"व्यायाम जास्त होतो."

"पोटात अन्न नाही आणि म्हणे व्यायाम!"

तो बूट काढत राहिला. आणि मला एकदम लख्ख दिसलं. आमच्या जुन्या फेरीत मधल्या सफरचंदाच्या बागा डाव्या हाताला असायच्या. आता उजव्या हाताला.

"नीळकंठ, तू प्रदक्षिणा घालतोयस?"

त्याचे कान लाल झाले. "काहीतरीच काय."

"मध्ये कोण आहे पण? झाडं आणि गाई?"

त्यानं दुसरा बूट काढून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "आई आहे असं समजतो. दुसरं काय करू, नीलिमा? सांग ना."

मी कधी नव्हे ती न चिडवता त्याचं ताट वाढायला घेतलं. एरवी असा मासा गळाला लागल्यावर मी महिनाभर पुरवून खाल्ला असता.

त्यानंतरच्या गुरुवारी तो गेल्यावर बऱ्याच वेळानं त्याचा फोन वाजला. सतीशभाऊजी. स्क्रीनवर त्यांचं नाव पाहून माझ्या हातातली पळी खाली पडली. फोन कानाला लावला तर पलीकडे नुसतं रडणं. तिथंच ओट्याला टेकून मी म्हटलं, "भाऊजी, काय ते बोला."

"वहिनी, आई बोलली. आज मास्क थोडा वेळ काढला होता. नर्सनं व्हिडिओ कॉल लावून दिला. चहा दिला होता, तर म्हणाली, पांचट आहे. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. दादाला फोन दे."

दादा कुठे होता? एव्हाना मारग्राटेनच्या पुढे आला असणार. मी गॅस बंद केला, दोन्ही फोन खिशात घातले आणि सायकल बाहेर काढली. कादिएच्या बाजूनं गेले असते तर दहा-पंधरा मिनिटांत तो समोरून भेटला असता. मी तिकडे वळलेसुद्धा.

आणि कोपऱ्यावर पाय टेकून उभी राहिले. बागा डाव्या हाताला येत होत्या.

कुणी पाहत नव्हतं. मूर्खपणा आहे हे मला कळत होतं. आई तिकडे चहाला नावं ठेवत होत्या, आता काय बिघडणार होतं? पण नुकतं कुठे सावरलेलं माझ्या चाकांनी उलटं फिरलं तर? मी सायकल वळवली आणि बेमेलेनच्या चढाला लागले.

सगळा रस्ता जीव मुठीत होता. तो आधी घरी पोचला, घर रिकामं, फोन गायब, ओट्याखाली पळी पडलेली, असं पाहिलं तर काय समजेल तो? बॅटरी शेवटच्या रेघेवर आली तरी मी वेग कमी केला नाही. बेमेलेन गेलं, मारग्राटेन गेलं, तो दिसेना. कादिएच्या शेवटच्या उताराच्या अलीकडे एक बाक आहे. तिथं तो बसला होता. सायकल गवतात आडवी, हात गुडघ्यांत.

मला पाहिलं आणि तो उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी लांबूनच ओरडले, "आई बोलल्या! चहा पांचट आहे म्हणाल्या!"

तो परत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. गाईंनी माना वर करून पाहिलं.

डोळे पुसून मी विचारलं, "इथं का बसलास? घर तर आलंच होतं."

"रोज बसतो," तो म्हणाला. "खाली उतरलं की घर येतं. घरात फोन असतो."

मी त्याचा फोन त्याच्या हातात दिला. त्यानं सतीशभाऊजींना लावायला घेतला आणि मध्येच थांबला. मी आले त्या रस्त्याकडे बघत राहिला.

"तू मागून आलीस? समोरून आली असतीस तर केव्हाच भेटली असतीस."

"माहीत आहे," मी म्हटलं.