यंदा बॉयलरची पूजा नाही

नामदेवकाकांच्या घरी मी हे सांगत होते, तेवढ्यात काकूंनी पूजेसाठी घेतलेली नवी साडी घडी करून बाजूला ठेवली. दुष्काळानं ऊस नाही, म्हणून आमचा सहकारी साखर कारखाना यंदा बंद. दर हंगामाआधी बॉयलरची पूजा एक कामगार जोडपं करतं. यंदा पाळी नामदेवकाका आणि काकूंची होती.

"मॅडम, दुसऱ्या कारखान्यावर गेलो तर हितली जागा जाईल का?" काकांनी विचारलं.

"नाही. पूजेची पाळीही तुमचीच."

"ही जबान कारखान्याची हाय का तुमची?"

"माझी."

काकू हसल्या. "मंग तुमीच जाऊ नका सोडून!"

कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात इतकी वर्षं काढली, तरी जबान कुणाची, हे कुणी मला विचारलं नव्हतं. पुण्याहून मला मोठ्या नोकरीचं बोलावणं आलंय, होकार कळवायचा आहे. तुम्ही काय केलं असतं?

ता. क. सकाळी दोघं कर्नाटकातल्या कारखान्यावर निघाले. जाताना पूजेचा नारळ माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी पुण्याला नकार कळवला.