नकाशावरची सरळ रेघ

माती चावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला! लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत आमचे सासरे त्यांना कौतुकाने परसातले वाफे दाखवत होते. या गृहस्थांनी खाली वाकून ढेकूळ उचललं, दाताखाली धरलं आणि म्हणाले, "मामा, चिकणमाती फार आहे हो यात." सासरे बघतच राहिले. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव पडलं ढेकूळराव.

ढेकूळराव माती सर्वेक्षण खात्यात होते. गावोगाव जायचं, माणूस छातीपर्यंत उतरेल एवढा खड्डा खणवून घ्यायचा, आत उतरून मातीचे थर बघायचे. प्रत्येक थरातला तुकडा पाणी शिंपडून ओला करायचा आणि त्याचा रंग लिहायचा. रंगावरून बरंच कळतं. माती तांबूस असेल तर पाणी खाली निघून जातं, पिवळट तपकिरी असेल तर रेंगाळतं. विहीर, रस्ता, पीक, सगळ्यांचा हिशेब त्यावर.

रंग ठरवायला खात्याचं एक पुस्तक असतं. पानोपानी रंगाच्या टिकल्या, टिकलीशेजारी भोक. भोकाखाली माती धरायची आणि जुळेल त्या टिकलीचा क्रमांक लिहायचा. नव्या माणसाला त्याच्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. ढेकूळरावांचं पुस्तक मात्र कित्येक वर्षं पिशवीतून बाहेर आलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही स्वतःच्या बायकोला फोटो जुळवून ओळखता का?"

त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले असताना देशभरच्या मातीची माहिती एका जागी आणायचं ठरलं. प्रत्येक जिल्ह्याच्या नोंदी संगणकात चढवायच्या, सगळे नकाशे शेजारीशेजारी जोडायचे, म्हणजे कुणालाही कुठल्याही शिवाराची माती घरबसल्या बघता येईल. नकाशे पहिल्यांदा जोडून दाखवायचे होते, त्या दिवशी मी त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो. "चला, माझं आयुष्यभराचं काम पडद्यावर बघा," असं म्हणून ते मला हौसेने खात्याच्या कचेरीत घेऊन गेले.

पडद्यावर एकेक जिल्हा उमटू लागला. तांबडे, काळे, करडे पट्टे एकमेकांत मिसळत जाताना असे सुरेख दिसत होते की मी नुसता आ वासून बसलो. मग ढेकूळरावांचा जिल्हा आला. शेजारच्या जिल्ह्यातून येणारा तांबूस पट्टा यांच्या हद्दीवर सुरीने कापावा तसा कापला गेला होता. पलीकडे तांबूस, अलीकडे तपकिरी, मधे सरळ रेघ!

"हद्द माणसांनी आखलेली," खात्याचे साहेब म्हणाले. "मातीला काय ठाऊक इथे थांबायचं ते? दोघांपैकी एकाचं चुकलंय."

शेजारच्या जिल्ह्याची सर्वेक्षक एक तरुण बाई होती. ढेकूळरावांनी तिच्याकडे पाहून मिशीत हसून घेतलं. "पोर नवी आहे. होतं असं."

साहेब म्हणाले, हद्दीवरच एक खड्डा खणा, दोघांनी मिळून बघा. ज्याचं चुकलं असेल त्याच्या नोंदी वगळायच्या. ढेकूळराव म्हणाले, "बेशक वगळा."

मीही गेलो. खड्डा तयार होता. ढेकूळराव आत उतरले, तुकडा काढला, ओला केला, हातभर लांब धरला. "तपकिरी. घ्या लिहून."

"काका," बाई वरून म्हणाली, "एकदा पुस्तक लावून बघता?"

"बघतो की! तुझ्या समाधानासाठी." त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, तुकडा भोकाखाली फिरवत नेला आणि एके ठिकाणी थांबले. "ही बघ. तंतोतंत. तपकिरीच टिकली."

ती वाकली. "काका, तो क्रमांक तांबूस रंगाचा आहे."

"मग तुझं पुस्तक उन्हाने विटलंय."

"याच महिन्यात आलंय."

त्यांनी आपलं पुस्तक मागवलं. पिशवीच्या अंधारात राहून ते अगदी कोरं करकरीत होतं. तोच क्रमांक उघडला. मग त्यांनी मला हाक मारली, आवाज मी कधी ऐकला नव्हता तसला. "साडूभाऊ, ही टिकली कसल्या रंगाची?"

"तांबूस," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

"मला तपकिरी दिसतेय," ते म्हणाले, आणि खड्ड्यात तसेच मटकन खाली बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हळूहळू पिकत आलेला. सगळं जग पिवळट काचेतून बघावं तसं. माणसाला पत्ता लागत नाही, कारण काच रोज कणाकणाने गडद होते. पुस्तक वापरलं असतं तर टिकलीही तितकीच पिवळी दिसली असती आणि क्रमांक बरोबर आला असता. पण यांनी आठवणीतल्या रंगांवर भरवसा ठेवलेला.

शेवटच्या काही वर्षांचे शेकडो खड्डे वगळले जाणार होते. पुन्हा तपासायला मातीच्या नमुन्यांच्या बाटल्यासुद्धा उरल्या नव्हत्या. सगळं संगणकात आलं म्हणून खात्याने त्या फेकून दिलेल्या.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या सकाळी ढेकूळराव कधी एक डोळा झाकत, कधी दुसरा. पुन्हा तेच. मेव्हणी घाबरली. "अहो, दुखतंय का?"

"अगं, पुस्तक आण! रंगांचं!"

पुढचे दिवस घरात जे चाललं ते बघून मी थक्क. नव्या डोळ्यावर फडकं बांधून हे बसायचे, मेव्हणी एकेक टिकली समोर धरायची, आणि हे जुन्या डोळ्याने बघून खड्ड्यात म्हटला असता तो रंग सांगायचे. तिने खरा क्रमांक शेजारी लिहायचा. त्यांना दिसलेला रंग हा, तर माती खरी कुठली, याचा सगळा तक्ताच तयार होत होता. डॉक्टरांचा निरोप आला की दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवा. यांनी कळवलं, "तो डोळा सध्या सरकारी उपकरण आहे, हात लावायचा नाही."

"भावजी, तुम्ही तरी सांगा यांना," मेव्हणी मला म्हणाली. "काल वरणात हळद दोनदा टाकायला लावली, नव्या डोळ्याला फिकं दिसतंय म्हणून!"

तक्ता घेऊन ते साहेबांसमोर उभे राहिले. साहेब आधी हसले. मग शेजारच्या जिल्ह्याच्या त्या बाईनेच सुचवलं की यांचे काही अलीकडचे खड्डे पुन्हा खणून ताडून बघू. तिनेच पुस्तक लावून बघितलं. एकेक खड्डा तक्त्याप्रमाणे निघत गेला तशी साहेबांची खुर्ची पुढे सरकत गेली. मधल्या वर्षांचे, डोळा अर्धामुर्धा पिकलेला असतानाचे खड्डे मात्र नव्याने बघावे लागणार होते. बाकीच्या नोंदी राहिल्या. संगणकवाल्यांनी दुरुस्ती चढवली आणि पडद्यावरची रेघ विरत विरत गेली. मी उभाच राहिलो टाळ्या वाजवत!

ढेकूळरावांना मात्र दुसराच धक्का बसला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक नोंदीखाली कारण छापून आलं होतं, 'सर्वेक्षकाच्या डाव्या डोळ्यानुसार सुधारित'. देशात कुणीही उघडून वाचावं असं.

"अहो साहेब, हे सगळ्यांना दिसणार?"

"सगळ्यांना. त्याशिवाय विश्वास कोण ठेवणार?"

कानापर्यंत लाल होत ढेकूळराव मला म्हणाले, "साडूभाऊ, डॉक्टरांना फोन लावा. सोडा म्हणावं आता त्या डोळ्याला नोकरीतून."